नकारारंभी वाक्यातील व्युत्क्रम : इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

इंग्रजीच्या विधानार्थी वाक्यात कर्ता आधी आणि क्रियापद नंतर येते, हा नियम शालेय वयापासून विद्यार्थ्याच्या मनावर ठसवला जातो. पुढे प्रश्नार्थी वाक्ये शिकवताना साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी आणावे लागते हे सांगितले जाते आणि हा क्रमबदल म्हणजेच प्रश्न, असे समीकरण त्याच्या डोक्यात पक्के होते. पदवीपूर्व वर्गात तो पोचतो तेव्हा ‘नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड’ असे वाक्य त्याच्यासमोर येते. हे वाक्य प्रश्न नाही, तरी त्यात प्रश्नाचा क्रम आहे. नकारार्थी वा नकारसदृश क्रियाविशेषण वाक्यारंभी आले की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते, या घटनेस प्रस्तुत लेखात ‘व्युत्क्रम’ अशी संज्ञा वापरली आहे. नेव्हर, सेल्डम, रेअरली, हार्डली, स्केअर्सली, नो सूनर, नॉट ओन्ली, नॉट अंटिल, ओन्ली, लिटल, नोव्हेअर, अ‍ॅट नो टाइम, अंडर नो सर्कमस्टन्सेस, नॉर आणि नायदर ही या गटातील नेहमीची मंडळी होत.

या विषयावर इंग्रजीत पुष्कळ लेखन झाले आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला तो ज्या पद्धतीने शिकवला जातो, त्या पद्धतीची चिकित्सा मात्र अभावानेच आढळते. आपले अध्यापन या रचनेला ‘रूपांतराचा’ विषय मानते आणि पाठ्यपुस्तके तिला ‘जोर देण्याची’ युक्ती मानतात. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत, एवढेच नव्हे तर विद्यार्थ्याच्या ठरावीक चुकांचे मूळ बऱ्याच अंशी त्यांच्यात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या चुकांचे दुसरे मूळ मराठीत आहे आणि त्यांवरचा उपायही बव्हंशी मराठीतच सापडतो.

‘अर्थ न बदलता’ या शब्दांचा प्रश्न

आपल्याकडे इंग्रजी व्याकरणाच्या अध्यापनावर सर्वाधिक काळ अधिराज्य केले ते रेन आणि मार्टिन यांच्या १९३० च्या दशकातील पुस्तकाने. त्यातील वाक्यरूपांतराच्या प्रकरणाचे गृहीत असे की, वाक्याचा आशय तसाच ठेवून त्याचे व्याकरणिक रूप बदलता येते. होकारार्थी वाक्याचे नकारार्थी वाक्यात रूपांतर करण्याच्या भागात ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ आणि ‘नो सूनर... दॅन’ यांची जोडी लावलेली आहे. हीच जोडी पुढे राज्य मंडळाच्या बारावीच्या प्रश्नपत्रिकांतून, मार्गदर्शकांतून आणि शिकवणीवर्गांतून इतकी फिरली की ‘नो सूनर’ हे ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’चेच थोडे सजवलेले रूप आहे, अशी विद्यार्थ्यांची आणि काही अंशी अध्यापकांचीही समजूत झाली आहे.

ही समजूत तपासणे अवघड नाही. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज यू रीच होम, फोन मी’ हे वाक्य घ्यावे. याचे ‘नो सूनर’मध्ये रूपांतर करता येत नाही. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज द रेन स्टॉप्स, वी शॅल लीव्ह’ या वाक्याचेही सरळ रूपांतर होत नाही, आणि ओढूनताणून केल्यास वाक्य कृत्रिम होते. उलट ‘नो सूनर डझ ही सिट डाउन दॅन द फोन रिंग्ज’ हे वाक्य वर्तमानकाळात असूनही निर्दोष आहे. तेव्हा अडचण काळाची नाही. ‘नो सूनर’ घडलेली किंवा नेहमी घडणारी गोष्ट कथन करते, आज्ञा, विनंती किंवा बेत व्यक्त करत नाही. शिवाय त्यातील दुसरी घटना पहिलीवर येऊन आदळते. त्या आदळण्यात निवेदकाला जाणवलेली आकस्मिकता असते. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’मध्ये ती असेलच असे नाही. म्हणजे आशय तोच राहिला हे विधान पहिल्याच परीक्षेत टिकत नाही.

मराठीत हा भेद सूक्ष्मपणे व्यक्त होतो, ही गोष्ट अध्यापनात कोठेच आलेली दिसत नाही. ‘घरी पोचल्याबरोबर मला फोन कर’ असे आपण म्हणतो. ‘घरी पोचतोस न पोचतोस तोच मला फोन कर’ असे कोणीही म्हणत नाही. परंतु ‘मी दार उघडतो न उघडतो तोच दिवे गेले’ हे वाक्य अस्सल मराठी आहे. ‘-बरोबर’ हे ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’चे काम करते, आणि ‘उघडतो न उघडतो तोच’ ही रचना ‘नो सूनर’ व ‘हार्डली’ यांचे. एवढेच नव्हे तर मराठी रचनेच्या पोटातही एक ‘न’ दडलेला आहे. क्रिया पुरी झाली म्हणावी तर ती झालेली नाही, झाली नाही म्हणावी तर झालेली आहे. या उंबरठ्यावरच्या क्षणासाठी दोन्ही भाषांनी नकाराचाच आधार घेतला, हे साम्य लक्षणीय आहे. आपले अध्यापक मात्र ‘नो सूनर’चा अर्थ फळ्यावर ‘जसे... तसे’ किंवा ‘ताबडतोब’ असा लिहितात आणि विद्यार्थ्याच्या जिभेवर असलेली रचना बाजूला ठेवतात.

‘दॅन’ आणि ‘व्हेन’ यांचा गोंधळही येथेच सुटतो. ‘सूनर’ हे तरतमभावाचे रूप आहे. पहिली घटना दुसरीपेक्षा अधिक आधी घडली असे म्हणण्याची सोय नाही, इतक्या त्या जवळ आहेत, असा मूळ अर्थ. म्हणून ‘पेक्षा’वाचक ‘दॅन’. ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ यांत तुलना नाही, म्हणून तेथे ‘व्हेन’. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या लेखनातही ‘हार्डली’नंतर ‘दॅन’ कधीकधी आढळतो, आणि ग्रंथ त्याला दोष मानतात. परंतु आपल्या वर्गात हे कारण सांगितलेच जात नाही. ‘नो सूनरबरोबर दॅन, हार्डलीबरोबर व्हेन’ असे पाढ्यासारखे घोकून घेतले जाते आणि परीक्षेच्या दिवशी पाढा चुकतो.

नकार कोठवर पसरतो?

आता ‘जोर देण्यासाठी क्रम बदलतो’ या दुसऱ्या स्पष्टीकरणाकडे वळू. थॉमसन आणि मार्टिनेट यांचे १९६० मधील पुस्तक, मायकेल स्वान यांचा १९८० मधील वापरकोश, मार्टिन ह्यूइंग्ज यांचे १९९९ मधील प्रगत व्याकरणाचे पुस्तक, ही आपल्या ग्रंथालयांत सर्रास आढळणारी साधने आहेत. त्यांतील याद्या उपयुक्त आहेत, उदाहरणे जिवंत आहेत. परंतु ही रचना औपचारिक आहे, वाङ्मयीन आहे, ठसक्यासाठी आहे, यावरच विद्यार्थ्याच्या हाती उरणारे स्पष्टीकरण बहुधा थांबते. या स्पष्टीकरणाने दोन गोष्टींचा उलगडा होत नाही.

पहिली गोष्ट ‘नॉर’ची. ‘ही डिड नॉट राइट, नॉर डिड ही कॉल’ या वाक्यात व्युत्क्रम ऐच्छिक नाही. ‘नॉर ही कॉल्ड’ असा ठसक्याविना पर्याय उपलब्धच नाही. जेथे निवड नाही तेथे जोर देण्याची भाषा निरर्थक ठरते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती पुढील दोन वाक्यांवरून स्पष्ट होईल. ‘विथ नो हेल्प, ही वुड पास’ आणि ‘विथ नो हेल्प वुड ही पास’. शब्द तेच आहेत, फक्त ‘वुड’ आणि ‘ही’ यांनी जागा बदलल्या आहेत. पहिल्याचा अर्थ, मदत मिळाली नाही तरी तो उत्तीर्ण होईल. दुसऱ्याचा अर्थ, कोणतीही मदत दिली तरी तो उत्तीर्ण होणार नाही. एकात मुलगा पास होतो आहे आणि दुसऱ्यात नापास! येथे क्रमबदलाने जोर वाढला नाही. विधानच उलटे झाले.

असे का व्हावे? या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर एडवर्ड क्लिमा यांनी १९६४ मध्ये इंग्रजीतील नकारावरील आपल्या निबंधात मांडले. नकार दोन प्रकारचा असतो. एक संपूर्ण वाक्याला व्यापणारा, दुसरा वाक्यातील एखाद्या घटकापुरता मर्यादित. त्यांना आपण वाक्यव्यापी नकार आणि घटकमर्यादित नकार म्हणू. पहिल्या वाक्यातील ‘नो’ फक्त मदतीला नाकारतो. वाक्य म्हणून ते होकारार्थीच आहे. दुसऱ्यात नकार सगळ्या वाक्यावर पसरला आहे. व्युत्क्रम ही या पसरण्याची खूण आहे. वाक्यामागे जोडला जाणारा पुच्छप्रश्न ही त्याची साधी कसोटी: पहिल्यामागे ‘वुडन्ट ही’ येते, दुसऱ्यामागे ‘वुड ही’.

हे एकदा समजले की अपवादांच्या याद्या घोकण्याची गरज उरत नाही. ‘इन नो टाइम ही फिनिश्ड द वर्क’ येथे व्युत्क्रम नाही, कारण काम झाले आहे. नकार केवळ वेळेच्या लांबीला आहे. ‘अ‍ॅट नो टाइम डिड ही फिनिश द वर्क’ येथे तो आहे, कारण काम कधीच झाले नाही. ‘नॉट लाँग अगो’ने सुरू होणारे वाक्य सरळ क्रमाचे असते, कारण घटना घडलेली आहे. ‘नॉट ओन्ली राम बट ऑल्सो श्याम केम’ यात ‘नॉट ओन्ली’ कर्त्यापुरते आहे, म्हणून क्रम बदलत नाही. ‘नॉट ओन्ली डिड राम कम’ यात ते साऱ्या उपवाक्यावर आहे, म्हणून बदलतो. उत्तरपत्रिकांत ‘नॉट ओन्ली डिड राम बट ऑल्सो श्याम केम’ असे जे संकरित वाक्य वारंवार भेटते, ते निष्काळजीपणाचे फळ नव्हे. ‘नॉट ओन्ली आले की डिड घाला’ एवढाच नियम मिळालेल्या विद्यार्थ्याने तो नियम प्रामाणिकपणे पाळलेला असतो.

‘ओन्ली’चीही हीच कथा आहे. ‘ओन्ली सीता नोज द आन्सर’ हे सरळ. ‘ओन्ली ऑन संडेज डू वी रेस्ट’ हे व्युत्क्रमाचे. ‘ओन्ली’ दिसायला नकार नाही, पण रविवारखेरीज अन्य दिवशी नाही, हा नकार त्याच्या पोटात असतो. मराठीतील ‘रविवारीच’ या शब्दातल्या ‘च’मध्येही तोच नकार आहे. फरक एवढाच की मराठीचा ‘च’ शब्दाला चिकटतो आणि वाक्याचा क्रम जसाच्या तसा राहू देतो.

आपल्या राज्यघटनेच्या कलम २१ चे इंग्रजी वाक्यही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते नकारार्थी शब्दानेच सुरू होते, तरी त्यात व्युत्क्रम नाही, कारण तो नकारार्थी शब्द कर्त्याचाच भाग आहे. कर्ता आरंभीच असताना क्रियापदाने त्याच्यापुढे जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. वाक्यारंभी नकार दिसला की क्रम बदलायचा, हा वर्गातील ढोबळ नियम येथे फसतो. नियमाची शब्दयोजना ‘नकारार्थी क्रियाविशेषण’ अशी काटेकोर का हवी, ते सांगण्यास याहून चांगले आणि प्रत्येक महाविद्यालयात उपलब्ध असलेले उदाहरण शोधावे लागणार नाही.

थोडा इतिहास

ही रचना इंग्रजीत आली कोठून, हा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत, पण अध्यापकाला उत्तर ठाऊक असावे. जुन्या इंग्रजीत, इतर जर्मॅनिक भाषांप्रमाणे, मुख्य वाक्याच्या आरंभी अन्य काही शब्द आले तर क्रियापद दुसऱ्या स्थानी येऊन कर्ता मागे सरकत असे. जर्मनमध्ये हा नियम आजही संपूर्ण लागू आहे. पुण्यात जर्मन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘आज’ या साध्या शब्दाने वाक्य सुरू केले तरी क्रियापद पुढे घ्यावे लागते. इंग्रजीने मध्ययुगाच्या उत्तरार्धात हा नियम हळूहळू सोडला. काही कोपऱ्यांत मात्र तो तगून राहिला. प्रश्न हा एक कोपरा, नकारारंभ हा दुसरा. वाड्याचे मजले कोसळले तरी दिंडीदरवाजा उभा राहावा, तसे हे झाले आहे.

सोळाव्या-सतराव्या शतकांपर्यंत ‘नेव्हर सॉ आय’ अशी मुख्य क्रियापद पुढे घेणारी रचनाही चालत असे. त्याच काळात ‘डू’ हे साहाय्यक प्रश्नात आणि नकारात रूढ होत गेले आणि मुख्य क्रियापदाची कर्त्याला ओलांडण्याची मुभा संपली. म्हणून आज ‘नेव्हर डिड आय सी’ असेच म्हणावे लागते. या इतिहासाचा एक उपयोग असा की व्युत्क्रम हा प्रश्नाचा क्रम उसना घेतो, हे विधान सोडून देता येते. प्रश्न आणि नकारारंभ ही एकाच जुन्या नियमाची दोन अपत्ये आहेत.

ऑटो येस्पर्सन यांनी १९१७ मध्ये नकारावरील आपल्या पुस्तकात नकार शक्य तितका आधी आणण्याच्या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले होते. ऐकणाऱ्याला वाक्याची दिशा लवकर कळावी, हा त्यामागचा हेतू. मराठी याच्या नेमकी उलट वागते. आपला नकार वाक्याच्या शेवटी, क्रियापदाला लागून येतो. दीर्घ मराठी वाक्यात वक्ता होकार देतो आहे की नकार, हे अखेरच्या शब्दापर्यंत निश्चित होत नाही; आपल्या सभांमध्ये ठरावावरील भाषणे ऐकताना याचा प्रत्यय येतोच. नकार अगदी आरंभी ठेवण्याची सवय इंग्रजीची आणि अगदी शेवटी ठेवण्याची मराठीची. व्युत्क्रम शिकवणे म्हणजे या दोन सवयींमधला प्रवास घडवणे होय.

कधीच, क्वचितच आणि जोपर्यंत

या प्रवासातील पहिला खड्डा ‘कधीच’ या शब्दाचा आहे. विद्यार्थी ‘नेव्हर’ म्हणजे ‘कधीच’ असे शिकतो. वस्तुतः ‘कधीच’मध्ये नकार नाही. ‘तो कधीच गेला’ म्हणजे तो केव्हाच निघून गेला. ‘तो कधीच गेला नाही’ म्हटल्यावरच ‘नेव्हर’चा अर्थ येतो, आणि तो ‘नाही’मुळे येतो. ‘कोणीही’, ‘काहीही’, ‘मुळीच’ हे शब्दही असेच नकाराची वाट पाहणारे किंवा त्याला साथ देणारे आहेत. नकार स्वतः देण्याची त्यांची प्रकृती नाही. इंग्रजी ‘नेव्हर’ मात्र नकार पोटात घेऊनच येतो. ‘नेव्हर ही डिड नॉट कम’ असे लिहिणारा विद्यार्थी ‘कधीच... नाही’ हा मराठी सांगाडा इमानाने भरतो आहे. त्याला दुहेरी नकाराचा दोष दाखवून गुण कापले जातात. दोष कोठून आला ते सांगितले जात नाही. ‘नेव्हर’ म्हणजे ‘कधीच’ नव्हे, ‘कधीच नाही’ ही दोन शब्दांची एकत्रित जोडी आहे, एवढे एक वाक्य फळ्यावर आले तर बरीच लाल शाई वाचेल.

‘सेल्डम’ आणि ‘रेअरली’ यांच्याबाबतीत उलटा प्रकार घडतो. ‘तो क्वचितच येतो’ या मराठी वाक्यात नकार कोठेच नाही, क्रियापद होकारार्थी आहे. म्हणून विद्यार्थ्याला ‘सेल्डम’मध्ये नकार जाणवत नाही आणि तो ‘सेल्डम ही कम्स’ असे सरळ क्रमाने लिहितो. इंग्रजी मात्र या शब्दांना नकाराच्या पंक्तीत बसवते. ‘ही सेल्डम कम्स’ या वाक्यामागे ‘डझ ही’ हा पुच्छप्रश्न लागतो, त्यावरून ते कळते. ‘लिटल’चेही तसेच. ‘लिटल डिड ही नो’ म्हणजे त्याला थोडेसे ठाऊक होते असे नव्हे. त्याला कल्पनाच नव्हती.

तिसरा आणि सर्वात खोल खड्डा ‘नॉट अंटिल’चा. ‘जोपर्यंत निकाल लागत नाही, तोपर्यंत तो झोपणार नाही’ हे मराठी वाक्य घ्यावे. यात पहिल्या भागातही ‘नाही’ आहे. त्यातूनच ‘अंटिल द रिझल्ट डझ नॉट कम’ ही भारतीय इंग्रजीत सर्वपरिचित झालेली रचना निर्माण होते. आता याच विद्यार्थ्याला ‘नॉट अंटिल द रिझल्ट केम डिड ही स्लीप’ हे वाक्य शिकवायचे आहे. तो हमखास ‘नॉट अंटिल डिड द रिझल्ट कम, ही स्लेप्ट’ असे लिहितो. व्युत्क्रम केलेला आहे, पण चुकीच्या घरात. कारण ‘जोपर्यंत... तोपर्यंत’ ही जोडी दोन उपवाक्ये समोरासमोर उभी करते; एक दुसऱ्याच्या पोटात आहे ही जाणीव ती देत नाही. ‘निकाल लागेपर्यंत तो झोपला नाही’ असे भाषांतर दिले तर ‘निकाल लागेपर्यंत’ हा सगळा एक क्रियाविशेषणाचा गठ्ठा आहे, हे मराठीच दाखवून देते. मग ‘नॉट अंटिल द रिझल्ट केम’ हा तसाच गठ्ठा, आणि क्रमबदल होतो तो गठ्ठ्याबाहेरच्या मुख्य वाक्यात. ‘ओन्ली व्हेन’ आणि ‘ओन्ली आफ्टर’ यांनाही हेच स्पष्टीकरण पुरते.

येथे ‘डू’विषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. ‘कम्स’चे ‘डझ... कम’ का होते, हे विद्यार्थ्याला गूढ वाटते. वास्तविक मराठीत तशीच घटना रोज घडते. ‘तू येतोस’ याचा नकार ‘तू येत नाहीस’. ‘येतोस’मधला पुरुष आणि वचन दाखवणारा भार ‘येत’ने टाकून दिला आणि तो ‘नाहीस’ने उचलला. इंग्रजीत ‘कम्स’चा ‘एस’ असाच ‘डझ’कडे जातो. हे साम्य वर्तमानकाळापुरतेच आहे, हेही सांगितले पाहिजे. ‘तो आला’ याच्या नकारात, म्हणजे ‘तो आला नाही’ यात, ‘आला’ आपले रूप सोडत नाही. ‘डिड नॉट केम’ आणि ‘नेव्हर डिड ही केम’ या अति परिचित चुकांच्या मागे हा ‘आला’ उभा असावा, असा तर्क करण्यास पुरेशी जागा आहे.

वापर कोठे आणि किती

या रचनेला सरसकट ‘औपचारिक’ ठरवण्याबाबतही सावध राहिले पाहिजे. बायबर व सहकाऱ्यांचे १९९९ मधील व्याकरण चार कोटींहून अधिक शब्दांच्या संग्रहावर आधारलेले आहे आणि संभाषण, ललित, वृत्तपत्रीय व शास्त्रीय अशा चार क्षेत्रांची तुलना करते. व्युत्क्रम मुख्यतः लेखनात आढळतो हे त्यातून दिसते. परंतु ‘नायदर डू आय’ हे घरगुती बोलण्यातले वाक्य आहे, आणि ‘नो वे अ‍ॅम आय गोइंग’ हे तर रस्त्यावरचे. आपला विद्यार्थी पहिल्याच्या जागी ‘मीही नाही’चे शब्दशः इंग्रजी करतो. ज्या व्युत्क्रमाची त्याला बोलताना रोज गरज पडेल तो त्याला शिकवला जात नाही, आणि ‘स्केअर्सली हॅड’ मात्र पाठ असते.

दुसऱ्या टोकाला चर्चिल यांचे २० ऑगस्ट १९४० रोजीचे हाऊस ऑफ कॉमन्समधील भाषण आहे. हवाई दलाच्या वैमानिकांचे ऋण सांगणारे त्यातील विख्यात वाक्य याच रचनेचे आहे. ते प्रभावी झाले कारण भाषणात अशा वाक्यांची खैरात नव्हती. नोकरीच्या अर्जात ‘नेव्हर हॅव आय बीन लेट’ असे लिहिणाऱ्या उमेदवाराला हा विवेक शिकवलेला नसतो. त्याचे वाक्य शुद्ध आहे. फक्त अर्जात ते वेशभूषा स्पर्धेतल्या फेट्यासारखे दिसते.

वाचनाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न अधिक गंभीर होतो. प्रवेशपत्रे, विम्याची कागदपत्रे, करारनामे, परीक्षेच्या सूचना यांत ‘अंडर नो सर्कमस्टन्सेस’, ‘ऑन नो अकाउंट’, ‘ओन्ली आफ्टर’ यांनी सुरू होणारी वाक्ये असतात. ‘ओन्ली आफ्टर द फी इज पेड विल द फॉर्म बी अ‍ॅक्सेप्टेड’ हे वाक्य वाचून ‘अर्ज स्वीकारला जाईल का’ असा प्रश्न कोणीतरी विचारला आहे असे समजणारे पदवीचे विद्यार्थी प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. क्रमबदल म्हणजे प्रश्न, हे शालेय समीकरण तेव्हाही जागे असते. स्पर्धा परीक्षांतील चूक शोधण्याच्या प्रश्नात एक गुण जातो. करारातील अट उलटी वाचली तर काय जाते, याचा हिशोब गुणांत मांडता येत नाही. आणि हा फटका घरात इंग्रजी ऐकून वाढलेल्या मुलाला बसत नाही. कुटुंबातील पहिलाच इंग्रजी कागद ज्याच्या हाती पडतो, त्याला तो बसतो.

प्रश्नपत्रिकेचा प्रश्न

अध्यापन बदलावे असे म्हणताना परीक्षेकडे डोळेझाक करता येत नाही, कारण वर्गात तेच शिकवले जाते जे विचारले जाते. ‘नो सूनर... दॅन वापरून वाक्य पुन्हा लिहा’ हा प्रश्न तपासण्यास सोपा आहे, त्याचे एकच उत्तर असते, आणि शेकडो उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परीक्षकाची त्यात सोय आहे. ही सोय क्षुल्लक नाही. तथापि या प्रश्नाने विद्यार्थ्याला ‘डिड’ची जागा कळते की नाही एवढेच मोजले जाते, नकार कोठवर पसरला हे त्याला कळले का, याचा पत्ता लागत नाही.

तेवढ्याच गुणांत आणि जवळपास तेवढ्याच वेळात तपासता येईल असा पर्याय पदवी स्तरावर शक्य आहे. मदतीविषयीची वर दिलेली दोन वाक्ये छापावीत आणि कोणत्या वाक्यातील मुलगा उत्तीर्ण होतो ते विचारावे. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ची चार वाक्ये द्यावीत आणि त्यांपैकी कोणती ‘नो सूनर’मध्ये नेता येणार नाहीत ते निवडण्यास सांगावे. ‘पोचतो न पोचतो तोच’ आणि ‘पोचल्याबरोबर’ अशी दोन मराठी वाक्ये देऊन त्यांचे इंग्रजी मागावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मातृभाषेच्या स्थानाविषयी जी भूमिका घेतली आहे, तिचा इंग्रजीच्या वर्गाशी काही संबंध नाही असे मानण्याचे कारण नाही.

भाषांतरपद्धती कालबाह्य झाली, असा आक्षेप यावर येईल. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या आणि पुढे संवादाधिष्ठित पद्धतीच्या लाटेत त्या पाठमाला अडगळीत गेल्या, हे खरे. परंतु तेथे भाषांतर हे वाक्य तयार करण्याचे साधन होते. येथे सुचवलेले भाषांतर तुलनेचे साधन आहे. दोन भाषांनी एकच गोष्ट कोठे वेगळ्या ठिकाणी ठेवली, ते पाहण्यासाठी ते हवे आहे. शिवाय संवादाधिष्ठित म्हणवणाऱ्या आपल्या वर्गातही ‘नो सूनर’ शेवटी रूपांतराच्या कोष्टकातूनच शिकवले जाते. कोष्टकाच्या उजव्या रकान्यात ‘जसे... तसे’च्या जागी ‘उघडतो न उघडतो तोच’ लिहिण्यास कोणत्याही मंडळाची वा अभ्यासमंडळाची परवानगी लागत नाही.